गोल्टझियसचे ‘रोमन वीर’ कसे पाहावेत

नेदरलँड्समधील हार्लेम येथे राहणाऱ्या हेंड्रिक गोल्टझियस (1558–1617) याने 1586 साली ‘रोमन वीर’ ही मुद्राचित्रांची (कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांची) मालिका तांब्याच्या पत्र्यांवर कोरली आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा रूडॉल्फ याला अर्पण केली. ही चित्रे पाहायला शिकायचे असेल, तर आरंभी होरेशियस कोक्लेस किंवा म्यूसियस यांचे एकच चित्र निवडावे. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवरून त्यांच्या मोठ्या प्रतिमा विनामूल्य उतरवून घेता येतात. मूळ चित्राची उंची जेमतेम 37 सेंटीमीटर असली, तरी त्यातील बारकावे मोबाइलच्या पडद्यावर हरवतात. म्हणून संगणकावर पाहणे बरे.

कथेकडे वळण्याआधी रेषा पाहावी. प्रतिमा मोठी करून वीराच्या मांडीवर किंवा दंडावर नजर ठेवली, की एकच रेषा केसासारखी बारीक सुरू होऊन स्नायूच्या फुगवट्यावर जाड होते आणि पलीकडे पुन्हा निमुळती होत विरते, हे दिसेल. कोरणीवर (पत्रा कोरण्याच्या टोकदार हत्यारावर) दाब वाढला की चर खोल आणि रुंद होतो, त्यात शाई अधिक भरते, आणि दाबयंत्रातून काढलेल्या ओल्या कागदावर तेवढी रेषा ठळक उमटते. गडद छायेत अशा वक्र रेषा एकमेकींना छेदून चौकटी तयार करतात आणि काही चौकटींत एकेक ठिपका असतो. लहानपणी भाजल्यामुळे गोल्टझियसचा उजवा हात कायमचा आखडलेला होता, आणि त्याच हाताने त्याने हे काम केले. माझ्या मते रेषेवर असा ताबा त्या शतकात फार थोड्यांना साधला.

त्यानंतर पार्श्वभूमीकडे जावे. पुढे उभा असलेला वीर सारी जागा व्यापतो, पण त्याचा पराक्रम मागे, इवल्याशा आकृतींत घडत असतो. होरेशियसच्या मागे पूल दिसतो: रोमन लोक तो तोडत असताना त्याने रोमवर चालून आलेले शेजारच्या एट्रुस्कन लोकांचे सैन्य थोपवून धरले, अशी कथा आहे. म्यूसियस एट्रुस्कनांच्या पोर्सेना राजाला मारायला गेला, चुकून दुसऱ्यालाच मारले, आणि पकडला गेल्यावर त्याने आपला उजवा हात आगीत धरला. भाजल्या हाताच्या कलावंताने हा प्रसंग कोरला आहे, हे चित्र पाहताना लक्षात असावे. खालच्या लॅटिन ओळींत वीराची थोडक्यात ओळख असते.

चिलखताला मात्र इतिहासाचा पुरावा मानू नये. अंगाला घट्ट बसलेले, छातीपोटाचे स्नायू दाखवणारे चिलखत आणि तुरेदार शिरस्त्राण यांत प्राचीन शिल्पांची आठवण व सोळाव्या शतकातील हौस यांची सरमिसळ आहे. होरेशियसची कथा इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीची, तर गोल्टझियसने रोम प्रत्यक्ष पाहिले ते या मालिकेनंतर, 1590–91 मध्ये.

शेवटी शक्य असल्यास एकाच चित्राच्या दोन संग्रहालयांतील प्रती शेजारी ठेवाव्यात. वारंवार छापल्याने पत्रा झिजतो आणि उथळ चर आधी पुसट होतात. त्यामुळे पार्श्वभूमीतील नाजूक रेषा ज्या प्रतीत स्पष्ट असतील, ती बहुधा आधी छापलेली. अभ्यासासाठी तीच घ्यावी.