गुरूंच्या नावांपलीकडे : पियानोवादकाची शिकवण कशी समजून घ्यावी

मैफलीच्या परिचयपत्रिकेत पियानोवादकाच्या गुरूंची नावे ओळीने छापलेली असतात, पण केवळ नावांवरून शिकवण कळत नाही. ती समजून घ्यायची असेल तर आधी गुरुपरंपरा कागदावर मांडावी. उदाहरणार्थ, अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची परंपरा अशी : बेथोवन यांच्याकडे कार्ल चेर्नी शिकले, चेर्नींकडे थिओडोर लेशेटिट्स्की, त्यांच्याकडे आर्तुर श्नाबेल आणि श्नाबेल यांच्याकडे १९३८ पासून दहा वर्षे फ्लायशर. प्रत्येक नावापुढे तालमीचा काळ अवश्य लिहावा, कारण एखाद्या कार्यशाळेत तासभर भेटलेल्या गुरूचे नावही अशा यादीत येऊ शकते.

त्यानंतर ऐकावे, आणि खरा वेळ इथेच द्यावा. संगीतकार ब्राम्स यांचा पहिला पियानो कॉन्सर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) श्नाबेल यांनी १९३८ साली आणि फ्लायशर यांनी १९५८ साली ध्वनिमुद्रित केला. दोन्ही वेळी वाद्यवृंदाचे संचालन जॉर्ज सेल यांच्याकडेच होते, त्यामुळे तुलनेला इतकी सोयीची जोडी क्वचितच सापडते. स्वरलिपी समोर ठेवून फक्त मधला संथ भाग दोघांकडून ऐकावा. सांगीतिक वाक्य कुठे सुरू होते, त्याचा कळस कोणत्या स्वरावर येतो आणि शेवटचा स्वर सोडताना घाई होते का, एवढेच पेन्सिलीने टिपावे. साम्याइतकाच फरकही जपून नोंदवावा. शिष्य गुरूपासून जिथे दूर जातो तिथे त्याचा स्वतःचा विचार ऐकू येतो, आणि मला ती जागा अधिक मोलाची वाटते.

शिकवण घडण्यामागे आयुष्यातले आघातही असतात. १९६० च्या दशकात उजव्या हाताची बोटे आखडू लागल्यावर फ्लायशर यांना शिष्यांपुढे वाजवून दाखवणे अवघड झाले, आणि पूर्वी हातांनी दाखवता येत होते ते नेमक्या शब्दांत सांगावे लागले. स्वर वाजवण्याआधी तो मनात ऐकू आला पाहिजे, हा त्यांच्या शिकवणीतला ठळक आग्रह होता.

हा आग्रह आपल्या रियाजात आणायचा तर हात मांडीवर ठेवून एखादे छोटे वाक्य स्वरलिपीवरून, पूर्ण लयीत, मनातल्या मनात ऐकावे. जिथे स्वर धूसर होतो तिथे खूण करावी, तेवढीच जागा पट्ट्यांवर वाजवून पाहावी आणि हात पुन्हा मागे घ्यावेत. वाक्य मनात स्पष्ट उमटल्यावरच ते सलग वाजवावे, आणि मनातले व प्रत्यक्ष कानावर आलेले यांत कुठे अंतर पडले ते लगेच स्वरलिपीवर लिहून ठेवावे.