कपाशीतील गुलाबी बोंडअळी: पेरणीआधी करून ठेवायची तयारी

तीन वर्षांपूर्वी माझ्या पाच एकर कपाशीत दहाही कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) वेळेवर उभे राहिले होते, रोज सकाळी पतंग मोजून वहीत आकडा लिहिला जात होता, आणि तरीही पहिल्या वेच्यालाच निम्म्याहून अधिक बोंडांत कवडी, म्हणजे अळीने खराब केलेला डागाळलेला कापूस, निघाली. ऑगस्टच्या आरंभी सापळ्यात लावलेली गंधाची गोळी मी हंगामभर बदललीच नव्हती. सप्टेंबरच्या मध्यापासून वहीत शून्य येत गेले, आणि कीड नाही असे समजून मी निश्चिंत राहिलो. ही यादी त्या अनुभवातून लिहिली आहे.

बियाणे, खते, फवारणी पंप यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. ते प्रत्येकजण पाहतो. लवकर येणारे वाण निवडावे आणि पाऊस पुरेसा झाल्याशिवाय घाईने धूळपेरणी, म्हणजे कोरड्या जमिनीत पेरणी, करू नये, कारण लवकर पेरलेल्या कपाशीला लवकर पात्या (फुलांच्या कळ्या) लागतात आणि जमिनीतून किंवा जिनिंगच्या सरकीतून निघालेल्या पहिल्या पतंगांना तयार अन्न मिळते. गेल्या वर्षीची पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवली असेल, तर ती पावसाळ्यापूर्वी हलवा. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत महिनोन्महिने तग धरते.

आता सापळे. पाहणीसाठी एकरी दोन पुरतात, पेरणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी लावावेत, पिकाच्या शेंड्यापासून सुमारे फूटभर उंच ठेवावेत आणि पीक वाढेल तसे वर सरकवावेत. सापळा म्हणजे फक्त प्लॅस्टिकचे नरसाळे आणि पिशवी. पतंगाला खेचून आणते ती आतली गोळी, म्हणजे ल्युर, आणि तिचा गंध साधारण तीन आठवड्यांत उतरतो. नेमका काळ पाकिटावर छापलेला असतो, तो वाचा. पहिली गोळी १ ऑगस्टला लावली, तर पुढच्या २२ ऑगस्ट, १२ सप्टेंबर, ३ ऑक्टोबर, २४ ऑक्टोबर, १४ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबरला बदलाव्या लागतात. म्हणजे एका सापळ्याला सात, दहा सापळ्यांना सत्तर. इतक्या गोळ्या ऐन हंगामात गावच्या दुकानात मिळतीलच असे नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा आणि बंद पाकिटे थंड जागी ठेवा. तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच लिहा, आणि बदललेली तारीख प्रत्येक सापळ्याच्या काठीवरही रंगाने लिहा. गोळी उघड्या हाताने धरू नये, विशेषतः औषध किंवा तंबाखू हाताळलेल्या हाताने. गुलाबी बोंडअळीची आणि अमेरिकन बोंडअळीची गोळी वेगळी असते. दोन्ही एका सापळ्यात घालू नका, आणि विकत घेताना पाकिटावरचे नाव स्वतः वाचा, दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका.

सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले की उपाय करण्याची वेळ आली, असे धरावे. परंतु शून्याचा अर्थ लावताना आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: गोळी कधी बदलली? त्याचे उत्तर तारखेसकट देता येत नसेल, तर त्या शून्यावर विश्वास ठेवू नका. सापळ्यात फक्त नर येतो, अंडी मादी घालते, म्हणून सापळ्याच्या जोडीला झाडही पाहायलाच हवे. फुलोऱ्यात शंभर फुले पाहून दहा डोमकळ्या म्हणजे न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले दिसली, किंवा शेताच्या वेगवेगळ्या भागांतून तोडलेली वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी मिळाली, तर फवारणीची वेळ झाली आहे. हे दर आठवड्याला करावे. बोंड बाहेरून पूर्ण निरोगी दिसते, कारण अंड्यातून निघालेली अळी लवकरच आत शिरते आणि तिचे छिद्र भरून येते. एकदा ती आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही; म्हणून मी पतंगांच्या आकड्याला इतके महत्त्व देतो.

फवारणीच्या तयारीत प्रथम पाच टक्के निंबोळी अर्क येतो: पाच किलो निंबोळ्यांचा भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावा, त्यात पुरेसे पाणी घालून शंभर लिटर करावे आणि थोडा साबणचुरा मिसळून सायंकाळी फवारावा. निंबोळ्या आधी गोळा करून वाळवाव्या लागतात, हे लक्षात ठेवा. ट्रायकोग्रामाची (बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकाची) कार्डे लावायची असतील, तर त्याआधी आणि नंतर काही दिवस रासायनिक फवारणी टाळा. रासायनिक औषध कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे, लेबलवरील मात्रेनेच घ्यावे. दोन औषधे स्वतःच्या मनाने एकत्र करू नयेत, आणि सुरुवातीच्या फवारण्यांत सिंथेटिक पायरेथ्रॉइड मुळीच वापरू नये, कारण त्यामुळे पांढरी माशी भडकते. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. म्हणून हातमोजे, तोंडावर पट्टी आणि वाऱ्याच्या दिशेचे भान यांत तडजोड नको, आणि मजुरांना साहित्य आपणच द्यावे.

वेचणीला किडका कापूस वेगळा ठेवा. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखून घेतलेला कापूस, घेऊ नका. डिसेंबर संपेपर्यंत पीक आवरा, उरलेली बोंडे गोळा करून नष्ट करा, पऱ्हाटी उपटा, शेतात जनावरे चरायला सोडा. आणि ५ डिसेंबरची गोळी विसरू नका. सापळे पीक निघेपर्यंत चालू ठेवा.