ऑक्टापॅडचा किक पॅड: आधी पाना, मग मेनू

ऑर्केस्ट्रा असो, बेंजो पार्टी असो वा घरचा रियाज, ऑक्टापॅडला (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याला) किक पॅड, म्हणजे पायाच्या पेडलने वाजणारा पॅड, जोडला की हात ढोलकी-तबल्याला मोकळे राहतात आणि घुमारा पायाकडे जातो. किकच्या तक्रारी फिरून फिरून तीनच: ठोका गळतो, एकाचे दोन वाजतात, पाय न लावताच आवाज येतो. अशा वेळी पॅडमधला ठोका ओळखणारा सेन्सर बदलायची घाई होते. बहुतेकदा सेन्सर ठणठणीत असतो, चूक पॅड आणि पेडल बसवण्यात असते. म्हणून ऑक्टापॅडच्या सेटिंगचा मेनू उघडण्याआधी पाना हातात घ्या.

इथलं सगळं उभ्या पॅडबद्दल आहे, ज्याला वेगळं पेडल लागतं. रोलंडच्या केटी-10 सारख्या प्रकारात पेडल आणि सेन्सर एकत्रच येतात, तिथे यातलं केबल आणि सेटिंगचं तेवढं लागू पडतं.

सुरुवात जमिनीपासून. टाइल्सवर किंवा शहाबादी फरशीवर पॅड हमखास पुढे सरकतो. जाड विणीच्या सतरंजीपेक्षा खाली रबर असलेलं कार्पेट बरं. पॅडच्या पुढच्या पायांमधले अणकुचीदार स्क्रू कार्पेटमध्ये 3-4 मिलिमीटर रुतू द्या आणि आपलं स्टूलही त्याच कार्पेटवर ठेवा. आपल्या वजनाने कार्पेट दाबलं गेलं की पॅड जागचा हलत नाही.

आता पेडल. त्याचा चिमटा पॅडच्या पट्टीवर मधोमध बसवा. हाताने पेडल डावी-उजवीकडे हलवून पाहा, किंचितही डुलत असेल तर विंग नट आणखी आवळा. डुलणारं पेडल हे दुहेरी ठोक्याचं पहिलं कारण. चिमट्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की पकडही वाढते आणि पट्टीवर ओरखडे पडत नाहीत.

बीटर (पेडलच्या दांड्यावरचा, पॅडवर आपटणारा ठोकळा) नेमका कुठे लागतो ते नुसत्या नजरेने कळत नाही. त्याच्या टोकाला रंगीत खडू फासा आणि नेहमीच्या जोराने चार-पाच ठोके मारा. खूण पॅडच्या मध्यावर एकाच ठिकाणी, गोल उमटायला हवी. खूण वर-खाली असेल तर बीटरचा दांडा वर-खाली करा. ती लांबुळकी उमटली तर बीटर तिरका लागतोय, पॅडचा कल बदला. टेकण्याच्या क्षणी दांडा आणि पॅड समांतर हवेत. दोन बीटरचं पेडल असेल तर दोन्ही खुणा मध्यापासून सारख्या अंतरावर घ्या, नाहीतर एक पाय कायम हळू वाजतो. काम झालं की खडू पुसून टाका.

बीटरची बाजू पॅडच्या पृष्ठभागावर ठरते. रबर किंवा कापडी पॅडवर फेल्टची बाजू आवाज कमी करते. जाळीच्या पॅडवर फेल्टचे धागे घासून जाळी विरते, तिथे मधोमध चिकटणारा पॅच लावा आणि गुळगुळीत प्लॅस्टिकची बाजू वापरा. जाळीचा ताण ड्रम-कीने समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरवून द्यायचा. सैल जाळीत बीटर आतल्या स्पंजच्या शंकूवर आपटतो, फार ताणलेली जाळी त्याला उडवून लावते.

केबल साधी मोनो, पाव इंची जॅकची, वाद्याचीच घ्या, स्पीकरची नको. जॅकपाशी तिची एक सैल वेटोळी ठेवा, म्हणजे पाय अडकला तरी ओढ थेट सॉकेटवर येत नाही. फूट स्विचचा जॅकही दिसायला तस्साच असतो, तिथे किक लावली तर वाजणार नाही. रोलंडच्या एसपीडी-एसएक्स या पॅडवाद्यावर एकेका ट्रिगर जॅकमध्ये (बाहेरचा पॅड जोडायच्या जॅकमध्ये) दोन पॅड बसतात. तिथे एकट्या किकला मोनो केबल चालते, पण दुसरा पॅड त्याच जॅकवर हवा असेल तर स्टिरिओ पिनची वाय-केबलच लागते. मोनो पिन दुसऱ्या पॅडचा मार्ग शॉर्ट करते.

आता मेनू. पहिल्यांदा पॅडचा प्रकार निवडा. यादीत तुमचं मॉडेल नसेल तर त्याच कंपनीचं जवळचं घ्या. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पॅडची संवेदनशीलता, अशी लावा की सगळ्यात जोराच्या ठोक्यालाच पडद्यावरचा जोराचा आकडा कमाल होईल. मध्यम ठोक्यालाच तो कमालीला पोचला तर लहान-मोठ्या मात्रांमधला फरकच उरत नाही.

दुहेरी ठोका अजूनही येत असेल तर आधी आपला पाय तपासा. ठोका मारल्यावर बीटर पॅडवर दाबून धरायची सवय असेल तर तो तिथेच थरथरतो आणि दुसरा ठोका नोंदवतो. त्यावरही थांबलं नाही तर रीट्रिगर कॅन्सल (एकाच ठोक्याची पुन्हा होणारी नोंद गाळणारं सेटिंग) एकेका पायरीने वाढवा, मग मास्क टाइम. मास्क म्हणजे एका ठोक्यानंतर पॅडने कान बंद ठेवायचा काळ. 120 च्या लयीत मात्रेचे चार भाग केले तर दोन ठोक्यांत 125 मिलिसेकंद असतात, 200 च्या लयीत 75. त्यामुळे 10 पासून सुरू करून 30 पर्यंत जाण्यात धोका नाही, पण 60 च्या पुढे गेलात तर जलद ठेक्यात ठोके गळू लागतात. स्कॅन टाइम (ठोक्याचा जोर मोजायला लागणारा वेळ) उगाच वाढवू नका, तेवढाच आवाज उशिरा येतो.

थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या खालचे धक्के पॅड मोजतच नाही ती पातळी, शेवटी, आणि तो जागेवरच ठरतो. मंडपातल्या स्टेजच्या फळ्या सबवूफरने हादरतात आणि किक आपोआप वाजते. साउंड सिस्टीमवर मोठ्या आवाजात गाणं लावा, पाय पेडलवरून काढा, आणि किक गप्प होईपर्यंत थ्रेशोल्ड वाढवा. मग अगदी हलका ठोका मारून तो ऐकू येतो का पाहा. तो हरवला तर थोडं मागे या आणि पॅडखाली जाड फोम घाला.

फ्लॅटमध्ये प्रश्न वेगळा. हेडफोन लावला तरी पेडलचा धक्का स्लॅबमधून खालच्या घरात पोचतोच, आणि नुसत्या रबरी मॅटने तो फारसा अडत नाही. 18 मिलिमीटरच्या प्लायवूडच्या 60 बाय 90 सेंटिमीटरच्या दोन फळ्या घ्या. खालच्या फळीला 5 सेंटिमीटरची बारा भोकं पाडून त्यात टेनिस बॉल बसवा, वर दुसरी फळी, तिच्यावर पॅड आणि पेडल. वरची फळी भिंतीला किंवा स्टूलला टेकता कामा नये, टेकली की धक्क्याला वाट मिळाली.

देखभालीला महिन्यातून अर्धा तास पुरे. नट-बोल्ट आवळा, पेडलच्या साखळीला आणि स्प्रिंगच्या कडीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या, रबरावर किंवा जाळीवर तेल पडू देऊ नका. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर बाराही महिने, जॅकवर गंज चढतो आणि किक मधूनच बंद पडते. कॉन्टॅक्ट क्लीनर पिनवर मारा, पिन पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. पॅडच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. टेम्पोत चढवताना पेडल सोडवून वेगळं ठेवा. बीटर टेकलेल्या अवस्थेत प्रवास झाला की स्पंज तिथेच खोल दबतो.

एवढं करूनही पॅड मुका असेल तर केबल बदला. तरीही मुका, तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सुट्या केबलच्या टोकाशी टोक आणि बाहेरची नळी अशी टेस्ट लावा आणि पॅडवर ठोका मारा. आकडा उसळला तर सेन्सर जिवंत आहे. नाही उसळला तर पॅड उघडा, पितळी चकतीवरची (तीच सेन्सर) तार तुटलेली सापडण्याची शक्यता जास्त. मधल्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंगची टोच दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, वरचा चांदीचा थर उचलला जातो आणि मग चकतीच बदलावी लागते. नवी चकती तेवढ्याच व्यासाची घ्या आणि पूर्वीच्याच जागी फोमच्या दुहेरी टेपने चिकटवा. जाळीच्या पॅडमध्ये शंकूचं टोक कडेच्या पातळीपेक्षा 2-3 मिलिमीटर वर राहील हे पाहून मगच जाळी चढवा.