बिअर आंबट होत होती, दोष बादलीचा निघाला

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, घरी बिअर करतो. लागोपाठ दोन वेळा बिअर आंबट झाली. यीस्ट बदललं, फरक नाही. मग बिअर आंबवायच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बादलीत मोबाईलचा टॉर्च मारला. तळाशी तारेच्या घासणीचे बारीक ओरखडे! नख फिरवलं की अडकत होतं. अशा चरांत लॅक्टोबॅसिलससारखे बिअर आंबट करणारे जिवाणू दडून बसतात, निर्जंतुक करायचं द्रावण तिथवर नीट पोचत नाही. शिवाय बादली बांधकामाच्या सामानातली, खाण्यापिण्यासाठी नव्हेच. ती आता बागेतल्या मातीला.

नवी घेताना उलटी करून पाहिली. त्रिकोणात 2 म्हणजे एचडीपीई, एक प्रकारचं प्लास्टिक. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, साध्या बादलीवरही तो असू शकतो; पेला-काट्याची खूण, म्हणजे खाण्यापिण्यासाठी चालतं याची खूण, हवीच. बिअर काढायची नळीही बदलली, आतून दुधाळ झाली होती. आता माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, उकळलेला काढा स्टीलच्या पातेल्यातच 20 अंशांपर्यंत गार करतो, मगच बादलीत ओततो. धुवायला मऊ फडकं, तेही साका वाळायच्या आत. पीईटी प्लास्टिकच्या बाटल्यांना उकळतं पाणी लावत नाही, त्या आक्रसतात.

त्यानंतरच्या तिन्ही खेपा छान उतरल्या, आंबटपणाचा मागमूस नाही.