जुन्या कर्जाचा फोन आला, पगाराला हात लागला, तर काय करायचं

सहा वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी अचानक फोन येतो: "निदान हजार रुपये टाका, बाकीचं बघू." त्या दिवशी काहीही भरू नका आणि कशावरही सही करू नका. कर्ज कुठलं, शेवटचा हप्ता कधी भरला आणि आजची रक्कम कशी काढली, याचा खातेउतारा आधी लेखी मागा. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतात.

सगळा खेळ तारखांचा आहे. विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं असते. ती संपण्याआधी तुम्ही सही करून कर्ज मान्य केलंत, किंवा थोडी रक्कम भरली आणि तशी तुमच्या सहीची नोंद झाली, तर ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदत उलटल्यावर नुसती रक्कम भरल्यानं ती जिवंत होत नाही. पण "मी हे फेडीन" असं लिहून सही दिलीत, तर त्यावर नव्यानं दावा चालतो. 'सेटलमेंट'च्या कागदात नेमकं हेच वाक्य दडलेलं असू शकतं. मुदतबाह्य झालं तरी कर्ज पुसलं जात नाही, फक्त न्यायालयाचा रस्ता बंद होतो.

मात्र दावा आधीच होऊन हुकूमनामा (पैसे द्या असा न्यायालयाचा अंतिम निर्णय) झाला असेल, तर त्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षं मिळतात. म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या नावानं, जुन्या पत्त्याच्या जिल्ह्यातही शोध घ्या. समन्स न मिळताच एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो कळल्यापासून ३० दिवसांत रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. इथे दिरंगाई फार महाग पडते.

न्यायालयाच्या आदेशाशिवाय बँक किंवा वित्त कंपनी मालकाकडून तुमचा पगार कापून घेऊ शकत नाही. आदेश आला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. पगार ३१,००० असेल, तर ३०,००० चा तिसरा हिस्सा, म्हणजे महिना १०,००० कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. कपात आपोआप थांबेल यावर विसंबू नका. पगारपत्रकं जपून ठेवा, महिने मोजा आणि आस्थापना विभागाला लेखी कळवा. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला जप्ती लागत नाही.

महाराष्ट्रात पगारदारांच्या पतसंस्थेचं गणित वेगळं आहे. कर्ज घेताना सभासदानं पगारातून कपातीचा करार करून दिलेला असतो. सहकार कायद्याच्या कलम ४९ मुळे मालकाला तो पाळावा लागतो. दावा लागत नाही. थकबाकीसाठी पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडून कलम १०१ चा वसुली दाखला घेऊ शकते. तिथल्या नोटिशीला तारखेला हजर राहून लेखी उत्तर द्या, कारण नंतर पुनरीक्षणासाठी (दाखला वरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेण्यासाठी) वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. आणि जामीनदारहो, कर्जदाराइतकेच तुम्हीही बांधील असता.

आता क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही मागवा, कारण कर्ज देणाऱ्या संस्था सगळीकडे सारखीच माहिती धाडतील असं नाही. नुसता स्कोअरचा आकडा बघून मिटवू नका. न घेतलेलं खातं, फिटूनही उघडं दिसणारं कर्ज, चुकीचा पॅन, विसरलेला जामीन शोधा. 'सेटल्ड' म्हणजे कमी पैशांत मिटवलं आणि 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेनं बुडीत धरलं. दोन्ही शेरे पुढच्या कर्जाला आडवे येतात. म्हणून शक्य असेल तर पूर्ण रक्कम भरा आणि कर्ज फिटल्याचा दाखला हातात घ्या.

चूक सापडली तर अहवाल देणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन हरकत नोंदवा, पुरावे जोडा आणि तीच तक्रार बँकेलाही पाठवा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.