गावचे पण तालुक्याच्या बाजारात बसता? स्वनिधीचं लोन असं घ्या

"मी खेड्यातला, मले कायले भेटते" असं लय जण म्हणून राहिले. पण पीएम स्वनिधीत (फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारची लोन योजना) शहराच्या हद्दीत धंदा लावणारा आजूबाजूच्या गावचा माणूस बी चालते, 2020 मध्ये योजना आली तवा 24 मार्च 2020 ले किंवा त्याच्या आधीपासून बसत असला पाहिजे अशी अट होती. पहिलं लोन 15,000 रुपयांपर्यंत (2025 च्या आधी 10,000 होतं), वर्षभर हप्त्यानं फेडायचे, गहाण काहीच नाही.

पहिले आधारले मोबाईल लिंक करा, ओटीपी त्याच्यावरच येते, अन् नंबर पोराचा असन आणि पोरगा पुण्याले असन तर बसा मंग फोन लावत. नगरपरिषदेच्या फेरीवाल्यांच्या सर्व्हेत नाव पहा, नसन तर नगरपरिषदेले शिफारस पत्र मागा आणि गुजरीच्या जुन्या पावत्या जोडा, डब्यात तेलकट होऊन पडल्या असतील त्या बी चालवून पहा. फॉर्म सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामाचं केंद्र) भरता येते, एजंट कायले पाहिजे?

हप्ता टायमावर भरला तर 7 टक्के व्याज सबसिडी खात्यात येते, क्यूआरवर पैसे घेतले तर कॅशबॅक बी भेटते.