एम.एफ.एस्सी.च्या पोरांना मदत करताय? मग या चुका टाळा

रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, नागपूर आणि उदगीरलाही कॉलेजं आहेत, मुंबईत वर्सोव्याला सिफे ही केंद्राची मत्स्य शिक्षण संस्था आहे. एम.एफ.एस्सी.ची, म्हणजे मत्स्यशास्त्रात मास्टर्स करणारी पोरं रिसर्चसाठी आपल्याकडेच येतात, म्हणजे बोटमालक, कोळंबी फार्मवाले, हॅचरीवाले (बियाणं तयार करणारे), प्रोसेसिंग प्लांटवाले यांच्याकडे. आणि आपल्या धंद्यातला माणूस सहसा नाही म्हणत नाही, हे मी बारा-तेरा वर्षं बघतोय. पण मदत चुकीच्या वेळेला किंवा चुकीच्या पद्धतीने झाली तर त्या पोराचं आख्खं सेमिस्टर जातं, आणि आपल्याला ते कळतही नाही. खालच्या काही चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

चांगले मासे निवडून देणं

ही माझीच चूक. एक मुलगी बांगड्यावर काम करत होती, दर आठवड्याला सॅम्पल हवं होतं. मी आमच्या माणसाला सांगितलं, कॉलेजची मुलगी आहे, चांगला माल दे हो तिला. त्याने बिचाऱ्याने इमानदारीने दोन महिने निवडून निवडून मोठेच बांगडे दिले, सगळे २२-२४ सेंटीमीटरचे. नंतर तिच्या गाईडनी ग्राफ बघितला तर त्यात लहान मासा एकही नाही. मासा किती लांबीला पहिल्यांदा अंड्यावर येतो हे काढायचं असेल तर लहान, मधले, मोठे सगळे लागतात, नाहीतर उत्तरच येत नाही. ती काही बोलली नाही मला, तेच जास्त लागलं. दोन महिने गेले ते गेलेच.

तर सॉर्टिंगच्या आधीचा माल द्या. क्रेट जसा उतरला तसाच, वरून खालपर्यंत. फुटका, बारका, सगळा. आणि कोणत्या बोटीचा, कोणत्या जाळ्याचा, किती वाव खोलीवरचा ते तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारून चिठ्ठीवर लिहा, त्या चिठ्ठीशिवाय सॅम्पल अर्धंच आहे.

अजून एक. मासा कशासाठी हवाय ते आधी विचारा. पोटात काय खाल्लंय ते बघायचं असेल तर लगेच भरपूर बर्फ, कारण मेल्यावरही पोटातलं पचत राहतं. गाबोळीचे (पोटातल्या अंड्यांचे) मायक्रोस्कोपसाठी स्लाइड करायचे असतील तर ब्लास्ट फ्रीझरला टाकलेला मासा काही कामाचा नाही, पेशी फाटतात, तिथे ताजा मासा आणि फॉर्मॅलिनच पाहिजे. आपण मात्र प्रेमाने म्हणतो "फ्रीझरला ठेवलाय गं तुझ्यासाठी, कधीही ये".

"दिवाळीनंतर ये"

कोर्स दोन वर्षांचा, त्यातलं पहिलं वर्ष बहुतेक क्लास आणि परीक्षांत जातं. उरलेल्या वर्षातले १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद. पर्ससीनला (थव्याभोवती गोल टाकायच्या मोठ्या जाळ्याला) तर आपल्या राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच सीझन. म्हणजे पर्ससीनच्या मालावर काम करणाऱ्या पोराला तुम्ही दिवाळीनंतर बोलावलं की त्याचा निम्मा सीझन गेला, वर्षभराचं थांबणं परवडत नाही त्याला. होकार द्यायचा तर मे-जूनमध्ये द्या, नाही जमणार तर तेव्हाच स्पष्ट नाही सांगा. नाही ऐकून पोरगं दुसरी बोट शोधतं, "बघू" ऐकून ते वाट बघत बसतं.

एक तळं देणं आणि मधेच हार्वेस्ट मारणं

कोळंबीवाल्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपल्याला वाटतं एक आख्खं तळं दिलं, अजून काय पाहिजे. पण एका तळ्यात नवीन खाद्य टाकलं आणि कोळंबी चांगली वाढली तर ती खाद्यामुळे वाढली की त्या तळ्याचं पाणीच चांगलं होतं, हे कसं सांगणार? दोन खाद्यांची तुलना करायची तरी प्रत्येकी तीन, म्हणजे सहा टाक्या किंवा सहा हापे (तळ्यात बांधलेले जाळीचे पिंजरे) लागतात. फार्मच्या कोपऱ्यात सहा छोट्या टाक्या आणि एरेशनचं (पाण्यात हवा सोडायचं) एक कनेक्शन दिलंत तर ते एका हेक्टरच्या तळ्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, आणि तुमचा माल पण धोक्यात जात नाही.

तळंच द्यायचं असेल तर एक गोष्ट मान्य करून टाका, व्हनामी कोळंबीचं पीक साडेतीन-चार महिन्यांचं आणि त्यात भाव चढला किंवा शेजारच्या फार्मला व्हाइट स्पॉट रोग आला तर तुम्ही हार्वेस्ट काढणारच, काढलंच पाहिजे, पैसा तुमचा अडकलाय. फक्त आदल्या दिवशी फोन करा. पोरगं रात्रीची एसटी पकडून येतं, वजनं घेतं, मोजणी करतं, डेटा वाचतो.

आणि आधीच काढून झालं असेल तर? सोडलेल्या बियाण्याचा आकडा, खाद्याच्या बॅगांचा हिशोब, निघालेला माल किलोत आणि काउंट (किलोला किती नग), एवढं जरी वहीत असेल तरी एफसीआर (किलोभर कोळंबीला किती खाद्य लागलं) आणि सर्व्हायवल (किती जगली) काढता येतो. सगळं संपलं असं समजून वही फेकू नका. मात्र मधे चुना मारला, प्रोबायोटिक टाकलं, कसलं औषध दिलं ते लपवू नका, कॉलेजवाले ओरडतील म्हणून सुपरवायझर सांगत नाहीत आणि मग ते पोरगं तीन आठवडे विचार करत बसतं की पीएच असा का उडाला.

खरेदीची वही तशीच फोटो काढून पाठवणं

वहीत "मिक्स २० टोपली" लिहिलेलं असतं. टोपली किती किलोची? तारली आणि पेडवे एकाच ओळीत. आपल्याला तोंडपाठ असतं, त्यांना नसतं. अर्धा तास बसून एकदा समजावून सांगा, बास.

भाव आणि पार्टीची नावं द्यायची की नाही हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा, कागदावर, गाईडच्या सहीने. कृषी विद्यापीठांचे थिसिस कृषीकोश या वेबसाइटवर जातात, कोणीही वाचू शकतं. एका ओळखीच्या प्लांटवाल्याने सगळा डेटा देऊन सबमिशनच्या आठवड्यात हात वर केले. भीती खरी होती त्याची, पण पोराला दोन चॅप्टर परत लिहायला लागले.

मशीन देणं, सामान न देणं

डीओ मीटर (पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) भेट दिला, फोटो झाला. सहा महिन्यांनी मेंब्रेन गेलं, इलेक्ट्रोलाइट संपलं, मीटर कपाटात. त्यापेक्षा पहाटे मिरकरवाड्याला (रत्नागिरीच्या मासळी बंदरावर) जायचं पेट्रोल, बर्फ, सॅम्पलचे पैसे, केमिकल हे द्या. रक्कम लहान असते पण ती पोरं स्वतःच्या खिशातून घालतात. पैसे कॉलेजच्या अकाउंटवर, पावती घेऊन.

मुलींना बोटीवर "नको"

वर्गात मुली भरपूर आहेत आता. त्यांना जेटीवरूनच परत पाठवलं की त्यांचं सॅम्पलिंग दुसऱ्याच्या भरवशावर. दोन मुली एकत्र, दिवसभराची बोट, लाइफ जॅकेट, परत यायची वेळ घरी कळवलेली, एवढं ठरवलं की होतं. आमच्याकडे झालंय. आणि लिलावात बसणाऱ्या मावशींशी त्यांची गाठ घालून द्या, कोणता मासा कधी कमी व्हायला लागला हे त्या जे सांगतात ते कुठल्या रिपोर्टात नाही.

गेस्ट लेक्चरबद्दल फार लिहीत नाही. कंपनीची स्लाइड दाखवू नका, बुडालेल्या एका पिकाची किंवा रिजेक्ट झालेल्या एका कंटेनरची फाइल घेऊन जा आणि पोरांनाच विचारा कुठे चुकलं.

जूनमध्ये बोटी वर ओढल्या की तांडेल मोकळा असतो, जाळी दुरुस्त करत बसलेला असतो. तेव्हा पोरांना घेऊन जा. ट्रॉलच्या (ओढायच्या जाळ्याच्या) शेवटच्या पिशवीला ४० मिलीमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, पाहिजे हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं, तिथे पट्टी लावून स्वतः मोजू दे, आणि तो आस वापरला तर माल किती सुटतो, ते तांडेलकाकांना का पटत नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकू दे. तुम्ही फक्त ओळख करून द्या आणि बाजूला बसा.